तासाभराच्या चित्रफितीतील चार मिनिटे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

दूर बसलेल्या शल्यचिकित्सकाने यंत्रमानवाच्या साह्याने शेकडो किलोमीटरवरच्या रुग्णावर शस्त्रक्रिया केल्याच्या बातम्या अलीकडे वृत्तपत्रांत वरचेवर येतात आणि त्या वाचून ‘आता गडचिरोलीच्या रुग्णाला नागपूर गाठावे लागणार नाही’ अशी आशाही लगोलग व्यक्त होते. पूर्व विदर्भातील तालुक्याच्या गावी दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करत आलेला आणि आता निवृत्त झालेला एक सर्जन म्हणून या आशेविषयी जरा विस्ताराने लिहीत आहे. दुर्गम भागाला यंत्रमानवाच्या हातापेक्षा शस्त्रक्रियेच्या चित्रफितीचे संगणकाने आपोआप केलेले विश्लेषण अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे. त्या विश्लेषणाकडून पहिली अपेक्षा मात्र फार मोठी ठेवू नये. सर्जनला शहाणपण शिकवण्याऐवजी, तासाभराच्या चित्रफितीतून अनुभवी माणसाने पाहायलाच हवीत अशी चार मिनिटे त्याने वेगळी काढून दिली, तरी सध्या पुरे.

दूरस्थ शस्त्रक्रियेचा इतिहास आता पंचवीस वर्षांच्या घरात आला आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी फ्रान्सचे झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबर्गमधील एका रुग्ण स्त्रीचे पित्ताशय यंत्रमानवाकरवी काढले. त्यासाठी खास राखून ठेवलेली समुद्रापारची प्रकाशतंतूंची जोडणी वापरली होती आणि हाताची हालचाल व पडद्यावर दिसणारा तिचा परिणाम यांत साधारण १५५ मिलिसेकंदांचे अंतर राहिले. कॅनडात मेहरान अन्वरी यांनी २००३ पासून हॅमिल्टनहून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या नॉर्थ बे येथील रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया नियमित करून दाखवल्या. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरातून सुमारे ३२ किलोमीटरवर अहमदाबादेत असलेल्या रुग्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत स्टेंट बसवले. या साऱ्यांचे कौतुक आहेच. परंतु यांपैकी प्रत्येक वेळी रुग्णाच्या शेजारी प्रशिक्षित परिचारिका होत्या, पोटाच्या शस्त्रक्रियांत भूलतज्ज्ञ होता आणि जोडणी तुटलीच तर पुढचे काम हातात घेऊ शकेल असा डॉक्टरही उभा होता, हे बातम्यांत दोन ओळींत उरकले जाते. जिथे हे सगळे मनुष्यबळ आहे तिथे दूरच्या हाताची गरज मुळात कमी असते, आणि ज्या उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतो तिथे यंत्रमानव नेऊन ठेवला तरी तो उरलेले दिवस झाकूनच राहणार. कॅनडाचे उदाहरणही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे, कारण अन्वरी यांच्या त्या प्रकल्पात नॉर्थ बेच्या सर्जनना शिकवत राहणे हाही कामाचा मोठा भाग होता.

कॅमेरा मात्र खेड्यापर्यंत पोहोचलेला आहे. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली, तेव्हा हे तंत्र श्रीमंतांचे आणि महानगरांचे आहे असे अनेकांना वाटत होते. गरीब देशातल्या गरीब रुग्णाला, ज्याची मजुरी बुडते त्यालाच, लवकर उठून कामाला जाता येण्याची गरज अधिक आहे, ही त्यांची भूमिका पुढे खरी ठरली. आज जिल्ह्याच्याच नव्हे, तर अनेक तालुक्यांच्या गावीही दुर्बिणीचा संच असतो. या शस्त्रक्रियेत सर्जन पोटात थेट पाहतच नाही. तो पाहतो तो पडदा, आणि पडद्यावर जे दिसते ते बटण दाबले की जसेच्या तसे नोंदवता येते. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेचा असा साक्षीदार मागे राहत नाही. येथे तो जवळजवळ फुकटात मिळतो आणि आपण तो पेनड्राइव्हवर साठवून, पेनड्राइव्ह भरला की पुसून टाकतो. परिषदेत दाखवण्याजोगी सुबक शस्त्रक्रिया तेवढी जपली जाते. जी अवघड गेली, जिच्यातून काही शिकता आले असते, ती बहुधा सर्वांत आधी पुसली जाते.

चित्रफितीतून खरोखर काही कळते का, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बऱ्याच ठामपणे देता येते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी २० सर्जनांकडून लठ्ठपणावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची प्रत्येकी एक चित्रफीत मागवली. ती कोणाची आहे हे न कळवता किमान दहा समव्यवसायी सर्जनांना दाखवली, त्यांच्याकडून हाताच्या सफाईला गुण देवविले आणि ते गुण त्या-त्या सर्जनच्या रुग्णांच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तळाच्या चतुर्थांशातील सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर वरच्या चतुर्थांशातील सर्जनांच्या रुग्णांत ५.२ टक्के आढळले. मृत्यूच्या प्रमाणातला फरक तर पाचपट होता. एकच चित्रफीत, आणि तीही सर्जनने स्वतः निवडलेली, इतके सांगून जात असेल, तर आपण रोज पुसून टाकतो त्यात काय काय असेल याची कल्पना केलेली बरी.

पित्ताशयाची शस्त्रक्रिया हे उदाहरण थोडे खोलात जाऊन घेतो, कारण ती सर्रास होते आणि तिच्यातली सर्वांत घातक चूक कोणती हेही नेमके ठाऊक आहे. पित्ताशय मुख्य पित्तनलिकेला एका बारीक नळीने जोडलेले असते. त्या नळीला क्लिप लावून ती कापायची असते. जुनी सूज असेल, चरबी असेल, सगळे एकमेकांना चिकटलेले असेल, तर पित्ताशय ओढताना मुख्य नलिकाही त्याच्याबरोबर ताणली जाऊन पुढे येते आणि सर्जन तिलाच बारीक नळी समजून कापतो. हजारात तीन-चार रुग्णांच्या आसपास घडणारी ही चूक संख्येने लहान दिसते, पण ती ज्याच्या वाट्याला येते त्याला कावीळ, पोटात साचलेले पित्त, महिनोन्‌महिन्यांचे आजारपण आणि पुन्हा एक मोठी शस्त्रक्रिया भोगावी लागते. कधी जीवही जातो. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स वे यांनी २००३ मध्ये अशा २५२ इजांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९७ टक्के इजांच्या मुळाशी दृष्टिभ्रम होता आणि हाताच्या कौशल्यातील दोष अवघ्या ३ टक्क्यांत होता. सर्जनला जे दिसेल अशी अपेक्षा होती तेच त्याला दिसले. भ्रमात असलेल्या माणसाला आपण भ्रमात आहोत हे कळण्याचा मार्ग नसल्याने, अशा इजा पुष्कळदा टाके घालून होईपर्यंत लक्षातही येत नाहीत आणि टिपणात ‘शस्त्रक्रिया विनासायास पार पडली’ असे प्रामाणिकपणे लिहिले जाते.

यावर अमेरिकेतील सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये सुचवलेला उपाय आज जगभर मान्य आहे. काहीही कापण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांना दिसल्याच पाहिजेत: यकृत, पित्ताशय आणि नलिका यांमधला त्रिकोण चरबी व तंतूंपासून पूर्ण मोकळा झालेला, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, फक्त दोनच, रचना. या दृश्याला सर्जन मंडळी ‘क्रिटिकल व्ह्यू’ म्हणतात. नियम सोपा आहे, पण तो पाळला की नाही हे ठरवणाराही त्याच भ्रमाला बळी पडू शकणारा सर्जन असतो, आणि नेमकी इथेच तटस्थ नजरेची गरज भासते. मोठ्या शिक्षण रुग्णालयात ही नजर शेजारी उभी असते. घोटाळा वाटला तर पलीकडच्या शस्त्रक्रियागृहातून वरिष्ठांना बोलावता येते. तालुक्याच्या गावी कॅमेरा धरायला परिचारिका किंवा वॉर्डबॉय असतो, आणि तो बिचारा ‘साहेब, ही नळी जरा मोठी वाटते’ असे म्हणणार नाही.

संगणक हे काम कितपत करू शकतो? फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरातील संशोधकांनी तिथल्या विद्यापीठ रुग्णालयातील १३ सर्जनांनी केलेल्या ८० पित्ताशय शस्त्रक्रियांच्या चित्रफिती अभ्यासकांसाठी खुल्या केल्या, आणि गेल्या दशकभरात या क्षेत्रात जे घडले त्यातले बरेचसे या संचाच्या आधाराने घडले. शस्त्रक्रियेचे सात टप्पे ठरवून कोणत्या क्षणी कोणता टप्पा चालू आहे आणि कोणते हत्यार पडद्यावर आहे, हे त्यांत माणसांनी नोंदवून ठेवलेले आहे. संगणकाला अशी हजारो चित्रे दाखवली की न पाहिलेल्या नव्या चित्रफितीतले टप्पेही तो पुष्कळ अचूकपणे ओळखू लागतो. त्यासाठी सेकंदाला एक चित्र तपासले तरी भागते, म्हणजे तासाभराच्या शस्त्रक्रियेची ३,६०० चित्रे; साध्या बनावटीच्या संगणकालाही हे ओझे जड नाही. त्याच गटाने पुढे २०१ चित्रफितींवरून ‘क्रिटिकल व्ह्यू’च्या तीन अटी पुऱ्या झाल्या का, हे ठरवणारी प्रणाली तयार केली. टोरांटोचे अमीन मदानी आणि सहकाऱ्यांनी ३७ देशांतून चित्रफिती गोळा करून, पित्ताशयाभोवती कुठे हत्यार चालवणे सुरक्षित आणि कुठे धोक्याचे, हे पडद्यावर रंगाने दाखवणारी प्रणाली केली. प्रयोगाच्या पातळीवर या गोष्टी सिद्ध झालेल्या आहेत.

येथे मी बहुतेक उत्साही मंडळींपासून वेगळा होतो. शस्त्रक्रिया चालू असताना पडद्यावर हिरवा-लाल रंग उमटवणे हे सर्वांत आकर्षक रूप असले, तरी दुर्गम भागात पहिल्या दिवसापासून ते आणू नये असे मला वाटते. ज्या आजाराचे मूळ दृष्टिभ्रमात आहे त्यावर चुकीच्या जागी उमटलेला हिरवा रंग हे औषध ठरण्याऐवजी त्या भ्रमावर शिक्कामोर्तब ठरेल. एकटा, थकलेला, मागे आणखी दोन रुग्ण ताटकळत असलेला सर्जन यंत्राने ‘पुढे जा’ म्हटले तर पुढे जाईल, आणि चूक झाली तर यंत्र काही न्यायालयात उभे राहणार नाही.

नंतरचे विश्लेषण मात्र आजही शक्य आहे, आणि दूरस्थ वैद्यकाशी त्याचा संबंध साध्या हिशेबाने दाखवता येतो. तासाभराची बऱ्या प्रतीची चित्रफीत सेकंदाला पाच मेगाबिट या वेगाने नोंदवली, तर ती सव्वादोन गिगाबाइटांच्या आसपास भरते. खेड्यातील जोडणीचा खाली उतरवून घेण्याचा वेग जाहिरातीत असतो, वर चढवण्याचा वेग कोणी सांगत नाही. तो सेकंदाला दोन मेगाबिट धरला तर ही एक चित्रफीत जिल्ह्याला पाठवायला अडीच तास लागतात, आणि मध्ये वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा. आणि समजा ती पोहोचली, तरी वैद्यकीय महाविद्यालयातला कोणता प्राध्यापक स्वतःच्या यादीतले रुग्ण सोडून दुसऱ्याची तासभराची शस्त्रक्रिया पाहत बसणार आहे? पहिले दोन-तीन आठवडे उत्साहात जातात, मग फायली साचतात, मग पाठवणाराही पाठवणे सोडतो. संगणकाने ती चित्रफीत गावातच तपासून नळी मोकळी करण्याचा शेवटचा भाग, क्लिप लावण्याआधीचे दृश्य, क्लिप आणि कापणे, आणि कुठे अचानक रक्त दिसले असेल तर तो क्षण, एवढे चार मिनिटांचे तुकडे काढून दिले, तर तेच पाठवणे दहा मिनिटांचे काम होते आणि प्राध्यापकाला ते दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या चहाच्या वेळात पाहता येते. ‘त्रिकोण अजून पुरता साफ झाला नव्हता, आधी आडव्या दिशेने ओढून पाहा’ असा दोन वाक्यांचा निरोप त्याच संध्याकाळी परत गेला, तर पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो. प्राध्यापकाचा वेळ आणि जोडणीचा वेग या दोन्ही दुर्मीळ गोष्टी यात वाचतात. माझ्या मते या तंत्रज्ञानाचा आपल्यापुरता सर्वांत मोठा लाभ तोच आहे.

या निरोपाचा आणखी एक परिणाम होईल, ज्याबद्दल सहसा बोलले जात नाही. ‘क्रिटिकल व्ह्यू’ मिळत नसेल तर थांबावे, पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून काढता येईल तेवढेच काढावे किंवा सरळ पोट उघडावे, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले आहे. पण ‘दुर्बिणीने करतो म्हणाला होतात, मग पोट का फाडलं?’ हा नातेवाइकांचा प्रश्न, आणि गावात त्यावरून होणारी चर्चा, ज्या सर्जनने अनुभवली आहे तो पुढच्या वेळी आणखी पंधरा मिनिटे दुर्बिणीनेच झटत राहतो. त्या पंधरा मिनिटांत इजा होतात. त्या दिवशीचे दृश्य पाहून वरिष्ठाने ‘पोट उघडलेत ते योग्यच केले’ असे लेखी कळवले, तर त्या एका ओळीची किंमत खेड्यातल्या डॉक्टरला विचारावी. चुका शोधण्याइतकेच, वेळेवर माघार घेणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्यासाठीही ही चित्रफीत वापरली गेली पाहिजे.

आता अडचणी. परदेशात शिकवलेली प्रणाली आणून जोडली की झाले, असे समजणाऱ्यांनी स्ट्रासबर्ग आणि स्वित्झर्लंडमधील बर्न या दोन रुग्णालयांचा तुलनात्मक अभ्यास पाहावा. लठ्ठपणावरील एकाच प्रकारच्या शस्त्रक्रियेच्या प्रत्येकी ७० चित्रफिती घेऊन केलेल्या त्या अभ्यासात एका रुग्णालयावर शिकलेली प्रणाली दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर अडखळू लागली, कारण तिथले सर्जन तीच शस्त्रक्रिया थोड्या वेगळ्या क्रमाने करत होते. युरोपातल्या दोन शेजारी देशांत ही गत, तर आपल्याकडे काय होईल! आपला रुग्ण पहिल्या दुखण्याला सर्जनकडे येत नाही. तो गोळ्या खाऊन दिवस काढतो, शेतीचा हंगाम उरकतो आणि पित्ताशय आक्रसून, जाड होऊन यकृतात रुतल्यावर येतो. आपले कॅमेरे जुने, त्यांचा रंग पिवळसर, काच वारंवार धूसर होणारी. कॉटरीच्या, म्हणजे विजेने ऊतक डागण्याच्या उपकरणाच्या, धुराने अर्धा पडदा भरलेला. हत्यारे पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरलेली, त्यांचा काळा मुलामा उडालेला. ज्या संगणकाने चकचकीत चित्रेच पाहिली आहेत तो इथे गोंधळेल, आणि वाईट गोष्ट ही, की आपण गोंधळलो आहोत हे तो नेहमीच सांगेल असे नाही. म्हणून प्रणाली बाहेरची असली तरी तिचे शिक्षण आपल्या चित्रफितींवर झाले पाहिजे आणि तिची परीक्षाही आपल्याच, तिने पूर्वी न पाहिलेल्या रुग्णालयातल्या चित्रफितींवर झाली पाहिजे. हे काम संगणक अभियंत्यांवर सोपवून भागणार नाही. स्ट्रासबर्गच्या त्या २०१ चित्रफितींतील दृश्यांवर तीन सर्जनांनी एकमेकांचे न पाहता स्वतंत्रपणे मत नोंदवले होते. ‘क्रिटिकल व्ह्यू’ मिळाला की नाही यावर जाणकारांतही मतभेद होतात, म्हणून तिघांची गरज. इतके सर्जन इतके तास या कामाला देणार असतील, तर त्यांना मोबदला आणि श्रेय दोन्ही मिळाले पाहिजेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून फुकट करवून घेण्याची आपली नेहमीची रीत इथे महागात पडेल.

यंत्राने निवडलेली चार मिनिटे ही यंत्राच्या समजुतीप्रमाणे महत्त्वाची चार मिनिटे असतात, हेही विसरू नये. इजा कधी कधी अगदीच भलत्या क्षणी होते: दुर्बिणीसाठीची पहिली नळी पोटात घुसवताना, किंवा सगळे संपल्यावर रक्त थांबवण्यासाठी घाईने लावलेल्या क्लिपने. त्यामुळे मूळ चित्रफीत गावात पूर्ण जपलेली असावी आणि काही शस्त्रक्रिया कोणताही निकष न लावता, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून, माणसाने आरंभापासून शेवटपर्यंत पाहाव्यात. संगणक काय सोडून देतो, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

कायद्याची बाजू आपल्याकडे बरीच सैल आहे. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये काढलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी दूरस्थ शस्त्रक्रिया आणि माहितीच्या व्यवस्थापनाच्या प्रणाली हे दोन्ही विषय आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने रुग्णाला परस्पर सल्ला देऊ नये वा औषध लिहू नये, डॉक्टरला साह्य मात्र करावे, एवढे त्यांत आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात, पण शस्त्रक्रियेची चित्रफीत ही ‘नोंद’ आहे का, याचे उत्तर प्रत्येक रुग्णालय आपल्या सोयीने देते. रुग्णाच्या संमतीचेही तसेच. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की दुर्बिणीने तपासणी करण्याची संमती म्हणजे त्याच भुलीत अवयव काढून टाकण्याची संमती नव्हे. त्याच न्यायाने शस्त्रक्रियेची संमती म्हणजे तिचे चित्रण करून ते संगणकाला शिकवण्यासाठी वापरण्याची संमतीही मानता येणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमती विशिष्ट हेतूसाठी आणि कळेल अशा भाषेत घेण्याची अपेक्षा ठेवतो. पोटाच्या आतले चित्र पाहून माणूस ओळखता येत नाही हे खरे असले, तरी काच पुसायला कॅमेरा बाहेर काढला की पडद्यावर रुग्णाचा चेहरा, परिचारिका, भिंतीवरचा नावांचा फळा असे सगळे येते. असे तुकडे आपोआप ओळखून झाकणाऱ्या प्रणाली तयार झालेल्या आहेत, आणि चित्रफीत शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर जाण्याआधी ते झाकले जाणे सक्तीचे असावे. भामरागडच्या माडिया बाईसमोर इंग्रजी फॉर्म ठेवून अंगठा घेणे ही संमती नव्हे, हे वेगळे सांगायला नको; तिच्या भाषेत, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, ‘नाही म्हणालीस तरी उपचार तेच मिळतील’ हे सांगून घेतलेली संमती हवी.

डॉक्टरांच्या मनातली धास्तीही खरी आहे आणि तिला खोटे ठरवून हा उपक्रम चालणार नाही. व्ही. पी. शांता खटल्याच्या १९९५ च्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आहे, आणि ते योग्यच आहे. रुग्णाला स्वतःच्या शस्त्रक्रियेची चित्रफीत मागण्याचा अधिकार असावा, या मताचा मी आहे. परंतु समव्यवसायी व्यक्तीने शिकवण्यासाठी दिलेले गुण, शेरे आणि संगणकाने काढलेले आकडे ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून रुग्णसुरक्षेसाठी स्वेच्छेने सादर केलेल्या अशा अंतर्गत परीक्षणाला न्यायालयीन वापरापासून संरक्षण दिले. आपल्याकडे तसे स्वतंत्र संरक्षण नाही, आणि ते नसताना आरोग्य खात्याने सर्जनांची गुणानुक्रमे यादी लावायला सुरुवात केली, तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको: नोंदणी यंत्र वारंवार ‘बिघडू’ लागेल आणि अवघड पित्ताशय दिसताच रुग्णाच्या हाती नागपूरची चिठ्ठी पडेल. सिरोंचाच्या रुग्णाला जिल्ह्याचे ठिकाणच दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. गुणवत्तेच्या नावाखाली त्याला आणखी दूर ढकलणारी व्यवस्था नको आहे.

मागणी माफक आहे. पित्ताशयाची ही एकच शस्त्रक्रिया घ्यावी. जिथे ती आज नियमित होते अशी काही जिल्हा व उपजिल्हा रुग्णालये निवडावीत आणि त्यांना नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामची संस्था किंवा जवळचे जे महाविद्यालय तयार असेल ते जोडून द्यावे. जिल्हा रुग्णालयांत तीन महिन्यांसाठी येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या चित्रफिती पाहणे हा अभ्यासाचा भाग करावा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला ते अवघड नाही. पहिले वर्ष संगणक आणूच नये, असेही मी म्हणेन. चित्रफिती जपण्याची, संमती घेण्याची आणि चार मिनिटे हाताने कापून पाठवण्याची सवय लागू द्यावी. ती लागली नाही तर कोणतीही प्रणाली उपयोगाची नाही, आणि लागली तर वर्षअखेर आपल्याच रुग्णांचा, आपल्याच कॅमेऱ्यांचा असा संग्रह हाती असेल, की प्रणाली विकायला येणारी कंपनी आपल्या अटींवर बोलेल.

त्या अटींपैकी एक मात्र आजच घालता येते आणि तिला वेगळा पैसाही लागत नाही. शासन दुर्बिणीचे नवे संच निविदा काढून विकत घेते. त्या निविदेत कॅमेऱ्याची क्षमता, प्रकाशस्रोताचे आयुष्य, सगळे बारकाईने लिहिलेले असते. चित्रण कोणत्या स्वरूपात साठवले जाईल आणि ते कोणाच्या मालकीचे असेल, यावर तितकी बारकाई नसते. परिणामी एखाद्या संचाचे चित्रण त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही, तर एखादा संच ते परस्पर कंपनीच्या साठवणीत पाठवण्याची सोय ‘मोफत’ देतो. चित्रण सर्वत्र उघडेल अशा खुल्या स्वरूपात रुग्णालयातच साठवले जाईल, रुग्णाच्या व रुग्णालयाच्या लेखी संमतीवाचून पुरवठादार त्याची प्रत घेणार नाही, आणि संच बंद पडला तरी जुने चित्रण वाचता येईल, अशी तीन वाक्ये पुढच्या निविदेत घालावीत, अशी विनंती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून सार्वजनिक आरोग्य विभागाला करत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शल्यचिकित्सक, चंद्रपूर जिल्हा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)